रिकाम्या कॅप्सूलचे चार महिने

हे मी लिहिते आहे ते अशा घरांसाठी, जिथं कोणी आठ-आठ दिवस झोपत नाही आणि तरी थकत नाही; किंवा जिथं कोणी महिनोन्‌महिने भिंतीकडे तोंड करून पडून आहे. ही दोन्ही माणसं एकच असू शकतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. इस्पितळाचं आणि डॉक्टरांचं नाव मी लिहिणार नाही. घरच्यांची नावं बदलली आहेत. बाकी काही बदललेलं नाही. माझ्या हातून जे झालं तेही लिहिते, कारण ते वगळलं तर उरलेलं कोणाच्या उपयोगाचं नाही.

मी धाड या गावी मुलींच्या शाळेत शिक्षिका होते. माझे यजमान दामोदर ग्रामसेवक. घरात सासूबाई आणि आमची एकच मुलगी, मंदा.

पहिली खेप

मंदा सव्वा महिन्याची असताना माझी झोप गेली. त्रास काहीच नव्हता. उलट अंगात इतकं बळ आलं की घर अपुरं पडायला लागलं. ओली बाळंतीण असून मी साऱ्या भिंती सारवल्या, मग शेजारणीच्या सारवायला गेले. दिवसभर गाणी म्हणायची. सासूबाई म्हणाल्या, "बाळंतवात झाला हिले." दोन महिन्यांनी ते बळ जसं आलं तसं गेलं आणि मी खाटेला खिळले. मंदा रडायची ते ऐकू यायचं, पण उठून तिला घ्यावं असं वाटायचं नाही. तिचा राग नव्हता, कंटाळा नव्हता. आत काहीच नव्हतं.

आमच्या जिल्ह्यात अशा माणसाला कुठं नेतात ते सगळ्यांना माहीत आहे. मलाही त्या दर्ग्यावर नेलं. पाच गुरुवार होईपर्यंत आम्ही तिथंच राहिलो. तिथं मला कोणी वाईट वागवलं नाही. एक अनोळखी म्हातारी रोज माझे केस विंचरून द्यायची. तिथंच मी हळूहळू बोलायला लागले, जेवायला लागले. पुढं डॉक्टरांनी सांगितलं की हा आजार काही महिन्यांनी आपणहूनही ओसरतो. सासूबाईंना ते कधी पटलं नाही, आणि मी त्यांच्याशी वाद घातला नाही.

बाजाराच्या दिवशी

त्यानंतर तीन-चार वर्षं बरी गेली. मंदा चालायला, बोलायला लागली. मग एका थंडीत झोप पुन्हा गेली.

आपलं राज्य तेव्हा नवं होतं. शाळेत नवा नकाशा आला होता, आणि मी तो पोरींकडून रोज घोकून घेत असे. एके दिवशी मला वाटलं, एवढा मोठा प्रदेश भिंतीवरच्या कागदावर दाखवणं बरं नाही. मी चुन्याची बादली घेतली आणि बाजाराच्या रस्त्यावर नकाशा काढायला बसले. सकाळी बैलगाड्या यायला लागल्या तेव्हा माझा निम्मा नकाशा झाला होता. मी रस्त्यात आडवी उभी राहिले.

"गाडी मागं घ्या," मी म्हणाले. "चांदा जिल्ह्यावरून बैल चाललेत तुमचे."

लोक आधी हसले. मग कोणी हसेनासं झालं. बऱ्याच गाड्या खोळंबल्या. हेडमास्तर आले, त्यांना मी ओळख दाखवली नाही. शेवटी यजमान आले आणि त्यांनी मला भर बाजारातून दंडाला धरून घरी नेलं. माझ्या वर्गातल्या पोरी शाळेच्या फाटकात उभ्या होत्या. त्यांच्यातली एक रडत होती, एवढं मला दिसलं. माझ्यासाठी कोणी रडावं असं काय झालंय, ते मात्र कळलं नाही.

निदान

इस्पितळ आमच्या मलकापूर स्टेशनाहून रेल्वेनं जवळपास दिवसभराच्या अंतरावर. एका बाजूला यजमान, दुसऱ्या बाजूला माझा भाऊ. मी सारा वेळ बोलत होते. डब्यातले लोक एकेक करून दुसरीकडे जाऊन बसले.

डॉक्टर चाळिशीच्या आतले, परदेशात शिकून आलेले. तोवर ज्यांनी ज्यांनी मला पाहिलं त्या सगळ्यांनी 'काय दिसते, कोण बोलते' असंच विचारलं होतं. यांनी यजमानांना विचारलं, "झोप कधीपासून गेली?"

"पंधरा दिवस झाले असतीन."

"आणि याच्या अगदी उलट कधी झालं होतं? नुसतं पडून राहणं, न बोलणं?"

"हाव. लेकरू झाल्यावर. पण तो बाळंतवात होता, साहेब."

"तोही हाच आजार होता," डॉक्टर म्हणाले. "वर जाणं आणि खाली जाणं, दोन्ही एकाच आजाराची अंगं आहेत."

यजमानांनी विचारलं, "सुधरंल काय हे?"

"ही खेप जाईल. पण आजार पुन्हा येईल. त्याचं पुन्हा येणं थांबवता येतं का, हे पाहण्यासाठी बाहेरच्या देशांत एक औषध देऊन पाहताहेत. आम्हीही इथं थोड्या लोकांना देतोय. एक क्षार आहे, मिठाच्या जातीचा. लिथियम म्हणतात त्याला."

मी हसत सुटले होते म्हणे. मी म्हणाले होते, मी काय कैरीची फोड आहे, मीठ लावून ठेवायला. डॉक्टरही हसले. यजमानांना हसू आलं नाही. 'पुन्हा येईल' हे दोन शब्द त्यांनी त्या दिवशी ऐकले होते. मला ते ऐकू यायला अजून दोन महिने लागायचे होते.

आतलं जग

पहाटे घंटा व्हायची. मग आम्हा बायकांची मोजणी. मग अ‍ॅल्युमिनियमच्या मगात चहा. ज्या बाईला चहा मिळाला नाही ती समजून जायची की आज तिला विजेचा झटका द्यायला नेणार आहेत, कारण त्यासाठी पोट रिकामं लागतं. त्यामुळं चहाची किटली फिरताना आख्खी खोली गप्प व्हायची. माझ्या वाट्याला दोनदा चहा आला नाही. दुखलं काही नाही, पण चहाची ती भीती माझ्यात अजून आहे. घरी चहाला उशीर झाला की हात गार पडतात.

शेजारच्या खाटेवर गोदाबाई होती, अकोटकडची. आठ वर्षांपूर्वी तिला आणून सोडलं होतं. ती केव्हाच बरी झाली होती, पण न्यायला कोणी आलं नव्हतं. मी शिक्षिका आहे हे कळल्यावर ती दर महिन्याला माझ्याकडून भावाला कार्ड लिहून घ्यायची. मजकूर एकच असायचा: मी बरी आहे, घरातली सारी कामं होतात, फार खात नाही. उत्तर कधी आलं नाही. मला हात थरथरून घास घेता येत नसे तेव्हा ती भरवायची आणि म्हणायची, "खाय माय. तुले घरी जायचं आहे."

औषधाच्या पहिल्या आठवड्यात हातांना कंप सुटला. तांब्याचं भांडं चाटल्यासारखी जिभेला चव. तहान अशी की हंडाभर पाणी पुरत नसे. दर सोमवारी रक्त काढायचे, त्यात तो क्षार किती उतरला ते मोजायचे. थोडा कमी झाला तर उपयोग नाही, थोडा जास्त झाला तर विष, असं सिस्टर सांगायच्या. तिसऱ्या आठवड्यात मला झोप आली. सकाळी कावळा ओरडला. तोवर प्रत्येक आवाज मला काहीतरी सांगत असायचा. त्या सकाळी तो नुसता कावळा होता. मी उशीत तोंड घालून रडले, कारण मग बाजाराचा दिवसही आठवला.

सही

त्यानंतर अडीच वर्षं मी चांगली राहिले. हेडमास्तरांनी मला परत घेतलं, पहिलीचा वर्ग दिला. डॉक्टरांनी सांगितलेले नियम साधे होते: जेवणातलं मीठ तोडायचं नाही, पाणी भरपूर प्यायचं, निर्जळी उपास करायचा नाही, वेळच्या वेळी रक्त तपासून घ्यायचं, आणि हे औषध चालू असताना दुसरं मूल नको. सासूबाईंना शेवटचा नियम फार लागला.

अशाच एका तपासणीला डॉक्टरांनी आम्हा दोघांना बसवून घेतलं.

"सुमनबाई, तुम्ही बऱ्या आहात," ते म्हणाले. "पण औषधामुळं बऱ्या आहात, की एवढ्यात आजार येणारच नव्हता, हे मला ठामपणे सांगता येत नाही. ते कळल्याशिवाय हे औषध सगळीकडे द्या, असं मी कोणाला कसं सांगू?"

मग त्यांनी समजावलं. काही रोग्यांना हेच औषध मिळत राहणार. काहींना तशाच दिसणाऱ्या कॅप्सूल, आत औषध नसलेल्या. कोणाला काय मिळतंय हे रोग्याला कळणार नाही आणि डॉक्टरांनाही नाही. प्रत्येकाची नोंद वेगळ्या बंद पाकिटात राहणार. "नाही म्हणालात तरी तुमचं औषध चालूच राहील," हेही त्यांनी दोनदा सांगितलं.

बाहेर व्हरांड्यात यजमान म्हणाले, "काऊन उकरून काढतं हे? चाललं ना आता बरं."

"आत गोदाबाईसारख्या किती जणी आहेत," मी म्हणाले. "त्यायच्यासाठी तरी कळू द्या ना."

हे कारण खोटं नव्हतं. पण ते पहिलं कारणही नव्हतं. मला आतून वाटत होतं की माझ्या वाट्याला रिकामी कॅप्सूल यावी, आणि तरीही मला काही होऊ नये. मग कोणीतरी म्हणेल, ही बाई आजारी नाहीच. हे मी डॉक्टरांना सांगितलं नाही, यजमानांनाही नाही. मी सही केली. बऱ्याच वेळानं त्यांनीही केली.

डॉक्टरांनी मला एक वही दिली. रोज किती तास झोप झाली आणि मन कसं होतं ते त्यात लिहायचं. यजमानांना इस्पितळाचा पत्ता लिहिलेली कार्डं दिली. "झोप पाच तासांच्या खाली गेली की त्याच दिवशी कार्ड टाका. वाट पाहू नका."

सात तास

पंधरा दिवसांत फळ्यावरचं माझं अक्षर सरळ झालं. चहाला चहाची चव आली. मला कळलं, कॅप्सूलच्या आत काही नाही. मी कोणाला सांगितलं नाही.

दोन महिने काहीच झालं नाही आणि मी मनातल्या मनात मिरवत होते. तिसऱ्या महिन्यात झोप सहा तासांवर आली, मग चार. वहीत मी सात लिहिलं. लिहिताना आपण खोटं लिहितोय असं वाटलं नाही. वाटलं, मी धडधाकट आहे. चार लिहिलं तर उगाच घाबरतील आणि हात पुन्हा थरथरायला लावतील. दुसऱ्या दिवशी पुन्हा सात. मग तेच लिहायची सवय झाली.

घरात इतका आनंद कधी नव्हता. मी कुरडया घातल्या, मंदाला दोन परकर शिवले, सासूबाईंना नकला करून हसवलं. कार्डं कोनाड्यात होती तशी राहिली.

वैशाख

शाळेला सुट्टी लागली होती. मंदा सात वर्षांची. एका सकाळी मला वाटलं, या पोरीनं अजिंठ्याची लेणी पाहिली नाहीत, हे काही बरं नाही. बसची वाट पाहण्याइतका धीर नव्हता. यजमान दौऱ्यावर, सासूबाई देवळात. मी मंदाचा हात धरला आणि डोंगराच्या दिशेनं चालायला लागले. पाणी घेतलं नाही. मला ऊन लागतच नव्हतं.

मंदा आधी मजेत होती. मग म्हणाली, "आई, पाय भाजून राह्यले."

मी तिला गोष्ट सांगत होते. ती पुन्हा म्हणाली. मी गोष्ट थांबवली नाही. तिची एक चप्पल कुठं पडली ते मला आजही माहीत नाही. ती बोलायची थांबली तेव्हा मला वाटलं, गोष्टीत रंगली.

दुपारी एका गाडीवानानं आम्हाला पाहिलं. मी मंदाला कडेवर घेऊन बोलत उभी होते आणि तिची मान लोंबत होती. त्यानं तिला माझ्याकडून ओढून घेतलं, ओल्या पोत्यात गुंडाळलं आणि गाडी जवळच्या दवाखान्याकडे पिटाळली. तो माणूस कोणत्या गावचा, तेही आम्हाला पुढं कळलं नाही. तो आला नसता तर माझी मुलगी गेली असती.

तिला नऊ दिवस ताप होता. पायांच्या तळव्यांची साल निघाली. शुद्धीवर आल्यावर तिनं मला पाहिलं आणि किंचाळून सासूबाईंच्या पदरात तोंड लपवलं. मी तेव्हाही गाणं म्हणत होते.

वही

महिन्याभरानं, इस्पितळात औषध पुन्हा सुरू झाल्यावर, मला हे सगळं कळायला लागलं. गोदाबाईच्या खाटेवर दुसरीच बाई होती. सिस्टरना विचारलं तर त्या म्हणाल्या, "गेली." कुठं, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही.

डॉक्टर वही घेऊन आले. यजमान बाजूला बसले होते.

"सगळीकडे सात तास आहेत," डॉक्टर म्हणाले. "हे खरं आहे का?"

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी चष्मा काढला. मग म्हणाले, "पाकीट उघडलंय. तुमच्या कॅप्सूल रिकाम्याच होत्या. ज्या आजारात माणसाला आपण आजारी आहोत हेच कळत नाही, त्या आजाराची वही मी त्याच माणसाच्या हातात दिली. ही माझी चूक. तुमची नोंद मी काढून टाकतो."

"काढू नका," मी म्हणाले. "मी खोटं लिहिलं असं लिहा. आणि खरं लिहून घ्या."

तीन दुपारी आम्ही नवराबायको व्हरांड्यात बसून ती वही दुरुस्त करत होतो. पेन त्यांच्या हातात. एकेक दिवस आठवायचा, सात खोडायचे, बाजूला खरा आकडा लिहायचा. दुसऱ्या दुपारी ते म्हणाले, "हा आठवडी बाजाराचा दिवस. तू पहाटेच कुरडयाचा चीक शिजवत होती. तीन तास झोपली असशीन."

मी त्यांच्याकडे पाहिलं. "तुमाले माहीत होतं?"

"हाव."

"मंग कार्ड?"

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "मंदा हसत होती. आई हसत होती. तू गाणं म्हणून राह्यली होती. म्या म्हटलं, अजून दोन दिवस पाहू." थोड्या वेळानं म्हणाले, "रोज म्हटलं."

चूक कोणाची, हे आम्ही त्यानंतर एकमेकांना कधी विचारलं नाही. बरेचसे इतरही विषय त्याबरोबर बंद झाले.

डॉक्टरांनी उरलेल्या रोग्यांची पाकिटं त्याच आठवड्यात उघडली आणि रिकाम्या कॅप्सूल बंद केल्या, एवढं मला सिस्टरनी सांगितलं. माझ्या वहीचा त्यांना किती उपयोग झाला ते मला ठाऊक नाही. पुढं हे औषध आमच्या भागातल्या डॉक्टरांकडेही मिळू लागलं. मी ते तेव्हापासून एक दिवसही चुकवलेलं नाही. हात थरथरतात. शाळा सुटली ती सुटलीच.

मांडव

मी इस्पितळात असतानाच माझी नणंद, कमलाबाई, मंदाला तिच्या सासरी, वरवट बकालला घेऊन गेली होती. तिची स्वतःची तीन मुलं होती. "जरा सावरू द्या पोरीले, मंग आणून देतो," ती म्हणाली होती. पहिल्या दिवाळीला मी गेले तेव्हा मंदा दाराआड उभी राहिली. दुसऱ्या दिवाळीला ती समोर आली. नणंदेच्या मुलांची मी मामी. त्यांचं ऐकून मंदाही मला मामी म्हणायला लागली होती. कमलाबाईनं तिला रागावून पाहिलं. मीच म्हणाले, राहू द्या.

मंदा तिथंच वाढली आणि तिचं लग्नही तिथंच ठरलं. मुलाकडच्यांना मंदा नणंदेचीच मुलगी म्हणून दाखवली होती, माझ्या आजाराचं सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तर लग्न झालं नसतं, हे मला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. कन्यादान नणंदेनं आणि तिच्या यजमानांनी केलं. मामानं नवरीला बोहल्यावर आणायचं असतं, म्हणून तिच्या वडिलांनी तिला मामा म्हणून हात धरून आणलं. तिच्या पाठीशी ते उभे होते आणि मंगलाष्टकं संपेपर्यंत त्यांनी मान वर केली नाही. मी त्यांच्यामागं मामीच्या जागेवर उभी होते. अक्षता टाकताना माझा हात नेहमीसारखा थरथरत होता. शेजारच्या बाईनं विचारलं, "तब्येत बरी नाही काय?" मी हो म्हणाले.

पाठवणीच्या आधी मंदा मागच्या खोलीत एकटी आली. दार लोटून घेतलं. इतक्या वर्षांत ती आपणहून माझ्याजवळ आली ती तेव्हाच.

"मामी," ती म्हणाली, "मले लेकरू झाल्यावर तुमच्यासारखं होईन काय?"

आई असते तर म्हणाले असते, नाही गं, तुला कशाला होतंय. मी मामी होते, म्हणून खरं सांगू शकले.

"होऊ शकते," मी म्हणाले. "होईनच असं नाही. पण झोप गेली अन् तरी बरं वाटलं, तर कोणाचं ऐकू नको. मले कळव. औषध आहे त्याले."

"तुमी यासान?"

"त्याच दिवशी येईन."

तिनं मान हलवली. बाहेरून तिला हाक आली. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, वाकून माझ्या पाया पडली आणि गेली.